सासूबाईंच्या गाडीचं तेल

सून : आई, तो डबा खाली ठेवा बघू. जुनं तेल सगळं काढलंय, फिल्टर बदललाय, आता परत तेच जाड तेल आत जाणार नाही.

सासू : का नाही? दोन लाख किलोमीटर पळालीय ही. म्हाताऱ्या इंजिनाला जाडच लागतं.

सून : कोण म्हणतं?

सासू : मी म्हणते. गाडी माझी आहे.

सून : तुमचीच आहे हो. पण स्पोर्ट्स कार आहे, रोड रोलर नाही. थंड इंजिनात जाड तेल वर चढायलाच वेळ लावतं. तोवर वरचे भाग कोरडेच घासतात.

सासू : मग घाल पातळ! आठ दिवसांत फरशीवर तळं साचेल. सील जुनी झालीत तिची.

सून : पातळही नको. हे बघा, मधलं. जुन्या इंजिनांसाठीच असतं, सील मऊ राहतात. गाडीच्या पुस्तकात हाही नंबर चालतो म्हणून दिलंय. गॅरेजवाल्या काकांनाही विचारून आलेय.

सासू : म्हणजे ठरवूनच आलीस!

सून : तुमच्यासमोर तयारीनिशीच यावं लागतं.

सासू : चोंबडी! अगं, पण तेल पातळ झालं की टकटक ऐकू येते.

सून : येऊ दे की.

सासू : येऊ दे काय? तुझा नवरा ऐकेल ना!

सून : मग ऐकू दे तुमच्या मुलाला. काय होतंय?

सासू : त्याने गिऱ्हाईक बघून ठेवलंय. ‘आई, तुझा गुडघा गेला, गाडीचं इंजिन गेलं, विकून टाकू.’ टकटक ऐकली की त्याला आयतंच निमित्त. म्हणून दर वेळी आणखी थोडं जाड घालत गेले. आवाज दबतो.

सून : अहो आई! आवाज दाबायला इंजिनाची वाट लावलीत?

सासू : लावली. काय करू? क्लच दाबवत नाही, पण ती दारात उभी असली की मला बरं वाटतं. ती गेली की मी नुसती म्हातारी उरेन गं.

सून : गिऱ्हाइकाला मी कालच नाही म्हणून कळवलंय.

सासू : नवऱ्याला विचारलंस?

सून : सांगितलं. म्हणाला, ‘मग चालवणार कोण?’ म्हटलं, मी.

सासू : तू? साधी गाडी मागे घेताना माझी कुंडी फोडलीस तू.

सून : एकच कुंडी. तुम्ही शिकवा ना.

सासू : ओरडेन हं.

सून : घरात काय कुजबुजता?

सासू : कुठून शिकलीस गं असं बोलायला?

सून : दहा वर्षं तुमच्या हाताखाली आहे.

सासू : बरं, ओत ते मधलं. सावकाश. मध्ये मध्ये डिपस्टिक पुसून तेल किती चढलं ते बघ, वरच्या खुणेच्या पुढे जायचं नाही. सांडलंस तर तूच पुसायचंस.

(तेल भरून होतं. इंजिन सुरू होतं. टकटक ऐकू येते, हळूहळू कमी होते. पूर्ण थांबत नाही.)

सून : आहे अजून थोडी.

सासू : असू दे. वय झालंय तिचं. ऐकू दे त्याला.

सून : चला, बसा. आई, तिकडून नाही, या बाजूने.

सासू : हो की. सवय गं. या सीटवर कधी बसलेच नाही मी.

सून : पट्टा लावा.

सासू : लावते. पण माझ्यासाठी म्हणून हळू चालवू नकोस.