कंत्राटदाराला निरोप देत नाहीत

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील करसल्लागार बाईसाहेब, मालवाहतूकदार संघटनेचे सन्माननीय सभासद, पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या वहिनी, आणि येथे व्यासपीठावर असलेले त्यांचे यजमान, आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना आपण सारे ब्रेकभाऊ म्हणून ओळखता,

मला चार शब्द बोलावयास सांगितले आहे. चार शब्दांत ड्रायव्हरची उभी हयात कशी बसवावी, हे चौथीपर्यंतच्या शिक्षणात मला कोणी शिकवले नाही. म्हणून थोडे अधिक बोलेन.

या सभागृहात बहुतेक जण ट्रकमालक आहेत. कुणाच्या दोन गाड्या, कुणाच्या पाच. आपल्यापैकी कितीजणांनी याआधी ड्रायव्हरचा निरोप समारंभ पाहिला आहे? एकही हात वर दिसत नाही. दिसणार कसा? आपले ड्रायव्हर निवृत्त होतच नाहीत. ते एके दिवशी येईनासे होतात आणि आपण त्यांच्या जागी दुसरा बसवतो.

माझ्याकडेही तोच शिरस्ता होता. आमचे हिशेब पाहणारा माझा पुतण्या, जो आत्ता मागच्या दाराशी उभा राहून मला खुणा करीत आहे, त्याने मला समजावले होते, "काका, नोकर दाखवलेत की त्यांचा कर कापून भरा, निवृत्तीचा निधी भरा, विमा भरा. कंत्राटदार दाखवा. ते फेरीचं बिल देतील, तुम्ही पैसे द्या आणि हात झटका." सारे तेच करीत होते. अशा रीतीने ब्रेकभाऊ कागदावर स्वतंत्र व्यावसायिक झाले.

पुढे करखात्याचे तपासनीस आले. "ड्रायव्हर त्यांच्या मर्जीनं येतात, एवढंच म्हणा," असे पुतण्याने बजावले होते, आणि मी तसे म्हणालोही. परंतु वेळ सकाळची होती. माझी पद्धत आपणांस ठाऊक आहे. किल्ल्या माझ्या टेबलामागे टांगलेल्या असतात. ड्रायव्हरने समोर उभे राहावे, दाढी केलेली असावी, शर्टाची बटणे लावलेली असावीत, तोंडाला वास नसावा, मगच किल्ली. नेमके त्या दिवशी ब्रेकभाऊ दाढीचे खुंट घेऊन उभे राहिले. मी म्हणालो, "घरी जा. दाढी करून ये."

"मालक, पाहुणे बसलेत," ब्रेकभाऊ हळूच म्हणाले.

"पाहुण्यांनी दाढी केली आहे. तू कर."

तपासनिसांनी चष्मा काढला. "हे स्वतंत्र व्यावसायिक ना? मग त्यांच्या दाढीशी तुमचा काय संबंध?"

"संबंध कसा नाही? गाडी माझी, माणूस माझा!"

पुतण्याने कपाळाला हात लावला.

आपण हसत आहात, अवश्य हसा. त्या पद्धतीबद्दल मला आजही यत्किंचित खेद नाही.

त्यानंतर मी बाईसाहेबांची पायरी चढलो. त्यांनी गोडीगुलाबीचा एक शब्द वापरला नाही. "केव्हा यायचं, कुणाचा माल न्यायचा, आपल्याऐवजी कुणाला पाठवायचं, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. मग ते कंत्राटदार. नाहीतर नोकर म्हणा आणि मागचं सगळं भरा. शिस्त तुमची आणि दुखणं त्यांचं, असं नाही चालणार."

मागचे भरावयाचे तर तीन गाड्यांपैकी एक विकावी लागणार होती, आणि तीही नवी कोरी. पुतण्या म्हणाला, दाढीचा नाद सोडा. मी ब्रेकभाऊंना बोलावून विचारले, "तुला स्वतंत्र व्हायचे आहे का?"

"स्वतंत्र म्हणजे नक्की काय, मालक? उद्या पाय मोडला तर मी स्वतंत्रपणे घरी बसायचं. असंच ना?"

तोवर या गृहस्थांनी मला कधी उलट उत्तर दिले नव्हते. मी तो राग घरी भाजीच्या मिठावर काढला. तेव्हा आमच्या मंडळींनी ऐकवले, "चारचौघांत माझी माणसं, माझी माणसं करता. मग तसं लिहून द्या की एकदा!"

नवी गाडी विकली. संघटनेतील काही स्नेह्यांनी त्यास म्हातारचळ म्हटले. त्यांपैकी दोघे हल्ली बाईसाहेबांकडे सल्ल्याला जातात. नावे सांगत नाही, ते समोरच बसले आहेत.

बाईसाहेब, आपण खात्याकडून हप्ते बांधून घेतलेत, म्हणून दुसरी गाडी वाचली. मी आपला ऋणी आहे. त्या तपासनिसांचाही आहे, ते येथे नसले तरी. आणि ब्रेकभाऊ, गाडी कमी झाली तेव्हा बड्या मालकांची बोलावणी आपल्याला आली होती. आपण गेला नाहीत, आणि त्याविषयी मजजवळ कधी अवाक्षरही काढले नाहीत. मला ते परक्यांकडून कळले.

वहिनींनी परवा विचारले, "भावजी, ते निवृत्तिवेतन खरंच घरबसल्या येणार का?" येणार, वहिनी. ते माझे उपकार नव्हेत, ती यांच्या हातांची कमाई आहे. कंत्राटाची मुदत संपते. निरोप माणसाला द्यावा लागतो, आणि तो देण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी या सभेचा आभारी आहे.

बोलण्याच्या ओघात कुणाचे मन दुखावले असेल, मानपानात उणेअधिक झाले असेल, तर माझ्या वयाकडे पाहून पोटात घालावे.

ब्रेकभाऊ, आपल्यासाठी येथे खुर्ची मांडली आहे आणि आपण केव्हापासून तिच्याशेजारी हात बांधून उभे आहात. माझ्यासमोर आपण कधी बसला नाहीत, आणि मीही कधी बसा म्हणालो नाही. आज मी आपला मालक नाही. माझ्या गुडघ्यांना आता फार वेळ उभे राहवत नाही. परंतु आपण बसल्याखेरीज मी बसणार नाही.