विहिणीची तक्रार

(सानगडी. उपसरपंच वासुदेवराव आणि सुशीलाबाई यांची ओसरी. पवनीहून त्यांच्या विहीणबाई आल्या आहेत, गोदावरीबाई.)

गोदावरीबाई : चहा नोको मले. पयले सांगा, लग्नातल्या गान्याच्या व्हिडिओची तक्रार मी केली असं कोनाकोनाले सांगितलं तुमी?

सुशीलाबाई : मी काहून सांगीन, विहीनबाई? मोबाईलच सांगून राहिला. "छळवणुकीची तक्रार आली, व्हिडिओ काढून टाकला." आता आमच्या पोरीच्या, टीनाच्या लग्नात आमी बायाइनं शिव्यांचे गाने म्हटले ते तुमच्यावर. मंग छळ झाला कोनाचा?

गोदावरीबाई : माझ्या नाकावर गानं केलं तुमी, मी पोट धरून हासली! अन आता पवनीत बाया म्हनतेत, पोराची माय गान्याले रुसली. बाजारात तोंड दाखवाची सोय नाही राहिली मले.

वासुदेवराव : म्हनूनच म्हनतो मी, सरकारनं या कंपन्याइले वेसन घातली पाह्यजे. आमच्या मांडवात कोनी कोनाले शिव्या द्याव, हे तिकडची मशीन ठरवते!

गोदावरीबाई : हे पटलं, व्याही. काढलं त कारन सांगा, आमची बोली समजनारा मानूस बसवा, आमचंबी ऐका. एवढा कायदा पाह्यजेच.

वासुदेवराव : अन काय ठेवाचं, काय काढाचं, हेबी सरकारनंच सांगाव.

सुशीलाबाई : गावात सरकार म्हंजे तुमीच न जी? मशीनले समजत नाही म्हनून काढते. तुमी समजते म्हनून काढाल.

वासुदेवराव : मी कायले काढीन? माझं काय आहे त्याच्यात?

गोदावरीबाई : शेवटी माझं उत्तर होतं न! "व्याही आमचे लय गुनाचे, रस्त्यात रोवने केले धानाचे." धान लावाव असा चिखल तुमच्या रस्त्यात, वऱ्हाडाची जीप फसली होती.

वासुदेवराव : त्याले काय छळ म्हनते कोनी? पन "गावाची बदनामी" असं कारनच नाही तिथं.

सुशीलाबाई : कुठं नाही?

वासुदेवराव : तिथं... तक्रारीचं बटन दाबलं का कारनं येतेत न खाली.

सुशीलाबाई : कोनी दाबलं का?

वासुदेवराव : ...निवडनूक जवळ आली, सुशीला. बोट लागलं.

गोदावरीबाई : अगो माय! बोट याइचं, अन मान खाली घालून मी फिरून राहिली!

सुशीलाबाई : अन कायदाबी याइलेच पाह्यजे.

वासुदेवराव : चुकलं, विहीनबाई. पवनीत फोन करून सांगतो, तक्रार माझी होती.

गोदावरीबाई : फोनवर कोन भरोसा ठेवते? मी पुन्हा गानं म्हनतो, पुन्हा टाकू.

सुशीलाबाई : मोबाईल तुमी धरा जी. अन पयले तुमच्या तोंडानं सांगा, विहीन नाही रुसली, मी रुसलो.

वासुदेवराव : रस्त्याचं कडवं... म्हननारच का?

गोदावरीबाई : तिथूनच सुरू करतो. नीट धरा, व्याही. अन बोट लागू देऊ नोका.