पहिला खांदा

(रत्नागिरीच्या बाजारातला एक दवाखाना, १९३१ साल. शिमग्याची पालखी निघायला थोडेच दिवस उरलेले.)

काशीराम: आधी हा पट्टा सोडा, डाक्तर. मंग काय ता बोला.

डॉक्टर: सोडला. हात खाली घे. आणि असा बघू नकोस माझ्याकडे, हात काढून नाही घेतलेला तुझा.

काशीराम: एवढा करकचून आवळलात, तर रक्त वर चढनार नाय तर काय व्हनार? बैलाच्या मानेला दावं आवळा, त्याचे पन डोळे बाहेर येतील. मंग तुम्ही म्हननार, बैलाला रोग हाय.

सखू: ऐका हो जरा. पावस गावाहून तरीत बसून खाडी ओलांडून आलो, ता भांडायला काय?

डॉक्टर: पारा दोनशेच्या वर गेला, काशीराम. तुझ्या वयाला दीडशेच्या आत हवा.

काशीराम: दोनशे काय? पायली का शेर?

डॉक्टर: पाऱ्याची उंची. रक्त नळ्यांतून वाहतं, वाहताना नळीला आतून रेटतं. तो रेटा हे यंत्र मोजतं. आता सांग, पाटात पेलवेना एवढं पाणी सोडलं तर पाट कुठे फुटतो?

काशीराम: कच्चा असंल तिथं.

डॉक्टर: माणसाचंही तसंच. डोक्यातली एखादी नळी कच्ची असली की तिथे फुटते. उभा माणूस आडवा होतो, अर्धं अंग जातं. नाहीतर हृदय थकतं, मूत्रपिंडं बिघडतात, नजर जाते.

काशीराम: मला काय दुखत नाय.

डॉक्टर: हीच याची वाईट खोड. फार पुढे जाईपर्यंत दुखत नाही.

सखू: दुखत नाय म्हनं! सकाळी उठल्या उठल्या डोकं धरून बसतो तो कोन? परवा नाकाचा घोळणा फुटला, माझं अख्खं लुगडं रक्तानं भरलं.

काशीराम: उन्हानं फुटला.

सखू: न्हाणीत व्हतात. तिथं कुठलं ऊन आलं?

डॉक्टर: बाई, तुम्ही लक्ष द्या, कारण हा देणार नाही. मीठ कमी करा. खारवलेली मासळी, लोणचं ताटात नको.

काशीराम: मिठावर सरकारनं कर बसवलान. तुम्ही तर मीठच काढून घेताय!

डॉक्टर: तंबाखूही सोड. ओझी उचलू नकोस. आणि पहिला खांदा तुझा असला, तरी यंदा पालखी नाचवायची नाही.

काशीराम: काय म्हनालात?

डॉक्टर: पालखी नाचवायची नाही म्हटलं.

काशीराम: त्याच्या आधीचं. पहिला खांदा माझा, हा तुम्हांला कोनी सांगितलान? मी तर पालखीचं नावही काढलेलं नाय. सखू, तू काढलंस?

सखू: नाय बा.

काशीराम: मंग डाक्तरना देवीनं स्वप्नात येऊन सांगितलान व्हय?

डॉक्टर: तुमच्या बाजूचे सगळेच शिमग्यात पालखी नाचवतात. त्यात कसलं आलंय गुपित?

काशीराम: नाचवतात सगळे. पहिल्या खांद्याचा मान एकाच घराचा असतो. तरीवरच्या बाबल्यानं माझ्या कानावर घातलान व्हता, पन मी म्हटला, जाऊ दे. आप्पा आला व्हता ना तुमच्याकडं? पहिल्या तोडीचे हापूस पाटी भरून आनलेन. जाताना पाटी रिकामी.

डॉक्टर: आला होता. आंबे दिले, मी खाल्ले, गोड होते.

काशीराम: कशाला आला व्हता?

डॉक्टर: ते नाही सांगणार.

काशीराम: नका सांगू. मीच सांगतो. आप्पा माझा चुलतभाऊ. मी बाजूला झालो की पहिला खांदा तो आपल्या घरात ओढनार. एक पाटी आंबे, एक पाऱ्याची पेटी, आनि काशीराम घरी बसला. सवंग पडला की सौदा!

डॉक्टर: माझ्या दवाखान्यात बसून मला विकलेला म्हणतोस?

काशीराम: ता यंत्राला विचारू. हिच्या हाताला बांधा. मला आवळलात तेवढाच आवळायचा, मी बघनार.

सखू: अगो बाई! मला कशाला मधी घेता?

डॉक्टर: बांधू दे. बांगड्या जरा पुढे सारा. घट्ट होईल, घाबरू नका. ...हं. बघ तूच पाऱ्याकडे. आवळलं तेवढंच ना?

काशीराम: तेवढंच.

डॉक्टर: एकशे वीस. लाख माणूस.

काशीराम: हिचा एकशे वीस? शेत हिच्या डोक्यावर, गुरं हिच्या डोक्यावर...

सखू: आनि तुम्ही. तुमचा नंबर गुरांच्या आधी लावा.

काशीराम: हसू नको. मला एक सांग. रत्नागिरीत एवढे वैद्य, एवढे डाक्तर. तू हट्टानं मला ह्याच दारात आनलीस. ह्यांचं नाव तुला कोनी दिलान?

सखू: कुनी का देईना.

काशीराम: सखू.

सखू: मैनानं.

काशीराम: आप्पाच्या बायकोनं? तू बोलतेस तिच्याशी?

सखू: बोलते. नदीवर धुनं घेऊन गेलं की बोलते. तुमचं अंगनाचं वैर अजून नदीपातूर आलेलं नाय.

काशीराम: म्हंजे घरात पन त्यांचाच मानूस! त्या अंगनातनं आम्ही पाय टाकत नाय, डाक्तर. बांधावरनं वळसा घालतो, पावसात चिखलातनं जातो, पन त्यांचं अंगन नको. आनि ही नदीवर माझा घोळणा सांगत बसलीय!

डॉक्टर: एवढं काय झालं त्या अंगणात?

काशीराम: माझ्या बापाला तिथं मारलानी.

सखू: असं बोलू नये हो.

काशीराम: का नाय बोलू? शिमगा व्हता. पालखी काकाच्या अंगनात थांबली. आप्पाचा बाप, माझा काका. बाबा पहिल्या खांद्याला, काका मागं. काकाच्या घरातनं पानी आलं, बाबा प्यायले. घटकाभरात ढोल चालू असताना बाबा कोसळले. तोंड वाकडं झालं, बोली गेली. तिसऱ्या दिवशी गेले. पान्यातनं काय घातलानी ता त्यांनाच ठाऊक. आनि सांगू का, बाबा पडले तरी पालखी भुईला टेकली नाय. काकानं धरलीन. एवढा तयारीत कसा व्हता तो?

सखू: मी सांगू?

काशीराम: तू काय सांगनार? तू तवा नवी व्हतीस.

सखू: नवी व्हते म्हनून दाराआडनं डोळे फाडून बघत व्हते. बाबा पडताना दांडा सोडत नव्हते. काकांनी एका हातानं दांडा धरलान, दुसऱ्या हातानं बाबांना. गुडघे फुटले काकांचे. रडत व्हते. तुम्ही त्यांना ढकललात.

काशीराम: हा तू कधी बोलली नायस.

सखू: कुनाला बोलू? तुमच्या घरात ता ऐकायला कान कुनाचे व्हते?

डॉक्टर: काशीराम, तो काका आहे अजून?

काशीराम: कुठला! दोन सालांनी गेला. रात्री जेवून निजला, सकाळी उठलाच नाय. आम्ही म्हटला, देवीनं न्याय केलान.

डॉक्टर: चेहरा पाहिलास त्याचा?

काशीराम: आम्ही कशाला जातोय. लोक बोलले.

डॉक्टर: काय बोलले?

काशीराम: तोंड... तोंड वाकडं झालं व्हतं म्हनं.

डॉक्टर: सख्खे भाऊ ना दोघे? एकाचं तोंड वाकडं झालं तर विष, आणि दुसऱ्याचं झालं तर देवीचा न्याय? हे दुखणं घराण्यात उतरतं, काशीराम. त्या पाण्यात पाणीच होतं. बाकीचं तुझ्या बापाच्या अंगातच होतं, पालखी उचलायच्या आधीपासून.

काशीराम: तुम्ही ता बघायला नव्हतात.

डॉक्टर: नव्हतो. तुझा पारा आत्ता बघितला.

काशीराम: ...आप्पाच्या हाताला बांधलात हा पट्टा?

डॉक्टर: दुसऱ्याच्या दुखण्याचं मी बोलत नाही.

काशीराम: त्याला काय नाय, असं तरी म्हना.

डॉक्टर: बाई, मीठ एकदम तोडू नका. हळूहळू कमी करा, म्हणजे जेवण घशाखाली उतरेल.

काशीराम: मी काय विचारतोय, हे काय सांगतायत! म्हना ना, आप्पा ठणठणीत हाय. मला तर बरं वाटेल, माझा संशय खरा ठरेल.

डॉक्टर: तुझ्याबद्दल तो जेवढं बोलला, तेवढं सांगतो. ते तुझंच आहे. म्हणाला, 'काशी आज ना उद्या तुमच्याकडे येईल. पहिला खांदा त्याचा. त्याला पालखीखालनं बाहेर काढा, माझं तो ऐकायचा नाही. त्याचा बाप माझ्या डोळ्यांदेखत पडला.' आंबे त्यासाठी दिले की नुसतेच दिले, मी विचारलं नाही.

काशीराम: काशी म्हनाला? काशीराम नाय?

डॉक्टर: काशी.

सखू: लहानपनी तेच म्हनायचे. मैना सांगते.

काशीराम: तू गप. तुझा हिशोब घरी... औषध काय देनार, डाक्तर?

डॉक्टर: विश्रांती, आणि सांगितलं ते पथ्य. समूळ घालवील असं औषध मला ठाऊक नाही. ठाऊक आहे असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नकोस. महिन्यानं परत ये.

काशीराम: येतो. पन माझा पुरता इश्वास बसलाय असं समजू नका.

डॉक्टर: नको बसू दे. हात घेऊन ये म्हणजे झालं.

सखू: मंग पालखीचं काय ठरवलात?

काशीराम: आपल्या शिवाला सांगू. पोरगा झालाय खांद्याएवढा. पहिला खांदा तो देईल.

सखू: आनि मागचा? आप्पा भावोजी उचलतील?

काशीराम: त्याचा पोरगा सदू हाय ना? सदूला दे म्हनावं. आप्पानं पन दांड्याला हात लावायचा नाय, त्याचा बाप पन तसाच गेला.

सखू: हा त्यांना कोन सांगनार? मी मैनाला नदीवर सांगू?

काशीराम: नदीवर कशाला? जाताना त्याच्या अंगनातनंच जाऊ. वळसा घालायला माझ्यात दम नाय आज.

सखू: आनि मैनानं पानी आनलान तर?

काशीराम: तान लागलीय मला. सकाळपासनं.