थुंकायचं, पण चूळ भरायची नाही!

...नाही, पण मी म्हणतो, माणसाने तोंड धुवावं की नाही? साठ वर्षं, तुम्हाला सांगतो, दात घासून झाले की मी अशी खळखळून चूळ भरायचो की वरच्या मजल्यावरची माणसं दचकून उठायची, आणि आता म्हणे थुंकायचं, पण चूळ भरायची नाही! तोंडात फेस तसाच, आणि आमची ही दारात पहारा देत उभी. "अहो, नळाकडे काय बघताय?" आता बघायचंही नाही?

झालं काय, सिगारेट सोडली आणि पेपरमिंट धरली. दिवसभर गालात गोळी. वर्षभरात समोरच्या दाताला हिरडीजवळ पांढरा ठिपका आला, खडूने टिंब दिल्यासारखा. मला वाटलं, वा, दात उजळायला लागला! हिला कौतुकाने दाखवला, तर हिने थेट दातांच्या डॉक्टरणीपुढे नेऊन बसवलं. पोरगी माझ्या लेकीच्या वयाची, पण शेजारी ते गुरगुरणारं मशीन! मी गवंडी माणूस, आयुष्यभर भिंतींना भोकं पाडली, पण आज भिंत कोण? मी! म्हटलं, "बाई, माझा पहिलाच गुन्हा आहे, एकदा सोडा!"

ती हसायलाच लागली. "काका, भोक अजून पडलंच नाहीये. गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लाने दाताच्या वरच्या थरातलं कॅल्शियम निघून जातं. तुमच्या भाषेत, गिलावा पोकळ झालाय, पण पडलेला नाही. लाळेतून कॅल्शियम परत येतं आणि पेस्टमधलं फ्लोराइड ते पक्कं बसवतं. एकदा भोक पडलं की मात्र मशीन!"

म्हणजे बघा, लाळ ही मालाची गाडी आणि फ्लोराइड हा गवंडी. आणि मी रोज चूळ भरून त्या बिचाऱ्या गवंड्याला परांचीवरून ढकलून देत होतो! तीन महिन्यांची मुदत मिळाली. गोळ्या बंद, फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा, आणि थुंकायचं, पण चूळ भरायची नाही! "ओल्या गिलाव्यावर बादली ओताल का काका?" मी म्हटलं, "पाणी मारतो की, पण दुसऱ्या दिवशी!" "मग दातालाही जरा दम धरू द्या. घासल्यावर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही."

इथवर ठीक. घरी आल्यावर ही म्हणते, "आणि बोलायचंही नाही. तोंडात वारा शिरला की औषध उडून जातं. तुम्ही चपला घालत होतात, तेव्हा सांगितलं मला."

आणि मी... ज्याने मुकादमाचा जेवणाचा डबा भिंतीत चिणून वरून गिलावा केला, तो मी... गप्प बसलो! मशीनची धास्ती, दुसरं काय? सकाळी अर्धा तास, रात्री अर्धा तास. आणि ही तेवढ्यात चाळीस वर्षांचं सगळं काढायची. लग्नात मी झोपलो होतो इथपासून! मग मेहुणीला फोन. "ये गं, यांनी आत्ताच घासलेत!" दोघी माझ्यासमोर बसून माझ्याचबद्दल बोलायच्या आणि मी आपला "हूं... हूं..." पाहुणे यायचे असले की दुपारचं घासणंही निघायला लागलं. थुंकायचं, पण चूळ भरायची नाही, आणि चकार शब्द काढायचा नाही!

तीन महिन्यांनी परत खुर्चीत. डॉक्टरणीने दातावर हवा सोडली, आरसा फिरवला. म्हणते, "शाब्बास काका! ठिपका खडबडीत होता, आता गुळगुळीत चमकतोय. मशीन नको!" मला तर तिचे पाय धरावेसे वाटले. म्हटलं, "मग आता घासल्यावर बोललं तर चालेल?"

"बोलायला कोणी मना केलं होतं?"

मी वळून पाहिलं. ही भिंतीवरचं दाढेचं चित्र अगदी मन लावून बघत होती! तीन महिने, तुम्हाला सांगतो, तीन महिने मला बनवलं! मी सरसावून तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टरणीने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "तसं पुस्तकात नाहीये काका... पण गुण आलाय ना? मग चाललंय ते मोडू नका."

आता कुणाकडे दाद मागायची? तेव्हापासून मी घरात तोंड उघडलं रे उघडलं, की ही ब्रशवर पेस्ट काढून पुढे धरते. मी काय करतो? घासतो!