मागे सारलेली सीट

गेलेल्याची जागा राखावी की राहिलेल्याचा जीव जपावा, हा धर्मप्रश्न मी गॅरेजच्या बाकावर बसून ऐकला.

“काकू, फाटकावर गाडी कशी आदळली?” मेस्त्रीने विचारलं.

“ब्रेकला पाय पोचला नाही रे.”

“मग सीट पुढे घ्यायची! बाई बसली की सीट पुढे, पुरुष बसला की मागे. रोजच बघतो मी.”

“हे ‘माझी सीट कुणी हलवली?’ म्हणून घर डोक्यावर घ्यायचे.”

“काकांना जाऊन वर्ष झालं, काकू.”

“म्हणूनच हलवत नाही. पाठीला उशी लावते.”

“असं करा. चालवताना पुढे घ्या, उतरताना मागे सारून ठेवा.”

“भांडायला मात्र कुणी येणार नाही.”

मेस्त्रीने काकूंना गाडीत बसवून सीट पुढे ओढली. काकूंचा पाय ब्रेकवर टेकला.

त्या माउलीची वाट निर्विघ्न असो. मेस्त्रीचेही कल्याण असो.