दोन घरचा आज्जा

आमच्या शिरोळच्या वाचनालयात गावाचा जुना इतिहास कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडं आलतं, तेव्हाचं सांगतो. लोक घरातले जुने फोटो आणून द्यायचे, मी स्कॅन करून खाली नाव टाकायचो. एक दिवस सकाळी दत्तूअण्णा त्यांच्या आज्जाचा फोटो देऊन गेले. दुपारी बापूतात्यांनी त्यांच्या आज्जाचा दिला. काच पुसली आणि सकाळचा फोटो शेजारी ठेवून बघितला. दोन्ही फोटोंत तोच पैलवान, तीच गदा, तोच फेटा. आणि ही दोन घरं बांधावरनं भांडलेली, एकमेकांशी बोलत न्हाईत. त्यात आज्जा कुणाचा यावरनं पेटली, तर मी मधल्यामधी मरायचो.

संध्याकाळी नेमके दोघं एकदमच फोटो न्यायला आले. मी फोटो पालथे घातले, पण अण्णांनी ते सरळ केलेच. दोघं दोन्ही फोटोंवर वाकले. मी खुर्ची मागं सरकवली.

शेवटी अण्णा हळूच म्हणाले, "आमचा खरा फोटो पुरात गेला. हा फ्रेमवाल्यानं दिला. मिशा जुळत हुत्या."

तात्या खाली बघत म्हणाले, "आमचाबी तसाच."

"मग ह्यो हाय कोण?" मी म्हणालो.

"काय म्हाईत," अण्णा म्हणाले.

मी घाबरतच विचारलं, "मग काढून टाकू?"

तात्या भडकले. "काढतोस कसा? दरवर्षी पितरांच्या म्हाळाला दोन्ही घरातला निवद खातोय त्यो. लिव्ह, आपला आज्जा."