भाव वर, जोर खाली

सर्जेराव : आन् ही खालची जांभळी रेघ कशाची गं?

श्रेया : तिला आरएसआय म्हणतात, आबा. वरची रेघ शेअरचा भाव दाखवते, आणि ही दाखवते त्या भावात जोर किती उरलाय. गेल्या चौदा दिवसांत चढ किती झाला, उतार किती झाला, ते बघून शून्य ते शंभरमधला एक आकडा देते.

कुशाबाई : उद्या सप्त्यातलं काल्याचं कीर्तन. पखवाज वाजवणाऱ्यानं आज हाताला इसावा द्यावा, तर हे नातीच्या मोबाईलात बोटं घालून बसल्यात.

सर्जेराव : शिकू दे की मला. रजा टाकून गावाला, कऱ्हाटीत आलीय पोरगी. बरं, आकडा किती झाला की काय समजायचं?

श्रेया : सत्तरच्या वर गेला की भाव फार पळाला. तीसच्या खाली गेला की फार पडला.

सर्जेराव : म्हंजे सत्तर झालं की इकायचं.

श्रेया : मीही तसंच समजले होते. पंपाच्या कंपनीचे साठ शेअर होते माझ्याकडं. सत्तर दिसल्या दिसल्या तीस विकून बसले. पुढं महिनाभर भाव चढतच राहिला, आणि रेघ सत्तरच्या वर ठाण मांडून.

सर्जेराव : राहणारच. गजर चढीला लागला म्हंजे लगीच खाली बसतो व्हय? टाळकरी जातिवंत असले तर अर्धा अर्धा तास ती लय सोडत न्हाईत. लय वाढली म्हणून घाबरून थांबवायची न्हाय.

श्रेया : पण आता उरलेल्या तीसचं काय करायचं ते ठरत नाहीये. साडेतीनला बाजार बंद होईल. हे बघा, दहा तारखेला भाव इथं होता आणि रेघ अठ्ठ्याहत्तरवर. आज भाव त्याहून वर गेलाय, आणि रेघ...

सर्जेराव : चष्मा दे इकडं. पासष्ट. खाली आलीय की ही.

श्रेया : हं.

सर्जेराव : भाव वर, जोर खाली.

श्रेया : डायव्हर्जन्स म्हणतात त्याला. खालची रेघ वरच्या रेघेची साथ सोडते.

कुशाबाई : आता आलीच हायस तितवर, तर सांगून टाक. सकाळधरनं नुसतं, आज आबांना सांगते, आज आबांना सांगते.

श्रेया : आजी, गप बस ना.

सर्जेराव : काय सांगायचंय?

श्रेया : काही नाही. शेअरचंच.

सर्जेराव : थांब जरा. असं मी कुठंतरी ऐकलंय. परवाच्याच कीर्तनात. बुवांनी चाल वर नेली, टाळ वर गेले, मागं बायका उभ्या राहून टाळ्या देत व्हत्या. आन् पखवाज काय मनासारखा बोलंना. मी घरी येऊन हिला बोललो, कणीक सैल मळलीस म्हणून.

कुशाबाई : बोललात. पखवाजाच्या डाव्या अंगाला लावायची कणीक बेचाळीस वरसं मीच मळतीय, त्याच परातीत. ती परवाच सैल झाली.

सर्जेराव : कणीक चांगली व्हती गं.

(मंडपातल्या कर्ण्यावरून पारायणाचा आवाज येत राहतो.)

सर्जेराव : मनगटच पळंना झालंय. तुला कधी कळलं, श्रेया?

श्रेया : काकड्याच्या समाप्तीला. दिवाळीनंतर.

सर्जेराव : एवढं दिस बोलली न्हाईस.

श्रेया : कसं बोलू? तुमच्यामागं पखवाज मीच धरणार हे साऱ्या गावाला माहितीय. मीच म्हणाले असते की आबांचा हात कमी पडतोय, तर लोक काय म्हणाले असते? आजानं शिकवलं आणि नातीनं जागा बळकावली. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

सर्जेराव : वाटलं असतं. खोटं कशाला बोलू?

कुशाबाई : आन् आता?

सर्जेराव : आता रेघ बोलली. तिला कुणाच्या जागेवर बसायचंय? बरं, असं दिसलं म्हंजे तू काय करतीस? सगळं इकून मोकळी?

श्रेया : नाही. रेघसुद्धा चुकते कधी कधी. निम्मे विकायचे, निम्मे ठेवायचे, असं म्हणतेय मी.

सर्जेराव : मग पंधरा इक. किती वाजले?

श्रेया : सव्वातीन. थांबा हं... गेले पंधरा.

कुशाबाई : आन् उद्याचं काय ते बोला की.

सर्जेराव : उद्याबी निम्मंच. सुरुवातीचं भजन मी वाजवणार, देवाच्या रूपाचा अभंग मी वाजवणार. संथ लयीत माझा हात अजून कुणाला ऐकत न्हाय. काल्याच्या गजराला बुवांनी चाल वर नेली, की मी टाळ घेणार आन् ही पखवाज.

श्रेया : भर कीर्तनात?

सर्जेराव : भर कीर्तनातच. मी दिलेला लोकांनी बघितला पायजे. म्हंजे तू घेतलास असं कुणी म्हणायचं न्हाय.

कुशाबाई : बुवांच्या कानावर तरी घाला.

सर्जेराव : घालतो संध्याकाळी. परवा मला म्हणाले, सर्जेराव, हल्ली तुमी लय आवरून धरता, मला दम घ्यायला मिळतो. मला वाटलं कौतुक केलं.

कुशाबाई : कौतुकच ते. त्या माणसाला दुसरं काही बोलताच येत न्हाय.

श्रेया : आबा, माझे आत्तापासूनच हात गार पडलेत.

सर्जेराव : पडू दे. पखवाज मांडीवर आला की ऊब येती.

कुशाबाई : मग कणीक किती मळू उद्या?

सर्जेराव : रोजच्याएवढीच. पण हिला जवळ घेऊन बस. किती सैल ठेवायची ते मी काय तिला शिकवलेलं न्हाय, ते तुलाच येतं.